शिंपल्यांचा चुरा

तात्यांनी पिलू उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चोच दाब."

मी अंगठ्यानं हलकेच दाबली. चोच वाकली. मोडली नाही, नुसती वाकली, खोडरबर वाकावं तशी. आणि बोट काढल्यावर सावकाश सरळ झाली. पिलू ओरडलंसुद्धा नाही.

"आता ह्याची बघ." त्यांनी जाळीच्या पलीकडून दुसरं पिलू धरून आणलं. ते हातात ठरेना. चोच दाबायच्या आधीच त्यानं माझ्या बोटाला टोचलं, चांगलं रक्त येईल असं.

आमच्या शेडच्या मधोमध तात्यांनी तारेची जाळी मारून दोन भाग केले होते. डावीकडची पिलं भाताच्या तुसावर पळापळ करत होती, एकमेकांना ढकलून खाद्याच्या भांड्यात माना घालत होती. उजवीकडची बसून होती. एखादं उठायला गेलं की त्याचे पाय दोन बाजूंना फाकायचे. मग ते पंख जमिनीला टेकून भांड्याकडे सरकायचं. एकाच हॅचरीतून, एकाच दिवशी, एकाच टेंपोतून आलेली पिलं. पाणी एकाच टाकीचं. फरक फक्त खाद्याचा.

"शिरीषरावांना फोन कराय पायजे," तात्या म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं, तात्या?"

"खाद्य त्यांचं हाय. त्यांनी येऊन बघावं." त्यांनी ते मऊ चोचीचं पिलू परत तुसावर ठेवलं. एवढं जपून, की जणू ते झोपलंय.

शिरीष बाबर म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याला अहोजाहो करायची. आज सांगताना एकेरीच तोंडात येतंय, तर येऊ दे. एका कोंबडीखाद्य कंपनीत तो आहारतज्ज्ञ होता. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मी सांगलीला शाळेत विज्ञान शिकवायची आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. विट्याच्या पलीकडे, माळावरचं आमचं गाव. पाऊस कमी, शेती बेताची, त्यामुळं घराघराच्या मागं कोंबड्यांची शेड.

आणि त्या सगळ्या शेडमध्ये तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शब्द चालायचा. सरकारी कुक्कुटपालन केंद्रात सुपरवायझर म्हणून ते निवृत्त झाले होते. कुणाच्या कोंबड्या शिंकायला लागल्या, कुणाच्या खाईनाशा झाल्या, की माणूस आधी आमच्या दारात. शेवंताकाकूंनी गावातल्या बायकांचा गट काढून शेड उभी केली, तेव्हा तात्या रोज सकाळी तिकडे जायचे. पडदे किती वर घ्यायचे, तूस कधी उलटायचं, सगळं बायकांना त्यांनी शिकवलं. एका पैची अपेक्षा नाही. शेवंताकाकू म्हणायच्या, "तात्या पिलाच्या अंगावर हात ठेवत्यात अन् सांगत्यात, ह्याला रात्री गारठा लागला म्हणून."

शिरीषनं त्या वर्षी एक नवीन खाद्य बनवलं होतं. लग्नाच्या आधीपासून त्याच्या डोक्यात तेच होतं. मला भेटायला आला तेव्हाही त्यानं त्याच्याबद्दलच सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्यातलं तेच आवडलं होतं.

"मक्यात आणि सोयाबीनच्या पेंडीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस असतं," तो म्हणाला होता, "पण कुलूप लावलेलं. कोंबडीच्या पोटात त्या कुलपाची किल्ली नाही. म्हणून ते सगळं विष्ठेतून बाहेर जातं, आणि आपण वरून खनिज पावडर घालत बसतो. मी खाद्यात एन्झाइम घालणार. एन्झाइम म्हणजे ती किल्ली. कुलूप उघडलं की दाण्यातलंच स्फुरद हाडाला मिळेल. वरून घालायची गरजच नाही."

कंपनीचे साहेब तयार नव्हते. शेवटी म्हणाले, एका शेडमध्ये करून दाखव. अर्ध्याला जुनं खाद्य, अर्ध्याला नवं. शिरीषला विश्वासाचा माणूस हवा होता, आणि तात्यांच्यापेक्षा विश्वासाचा माणूस त्या अख्ख्या भागात नव्हता. तात्या हरखून गेले. गावात सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या जावयानं नवीन खाद्य काढलंय. आमच्या शेडमधून ते सगळ्या महाराष्ट्रात जाणार."

फोन केल्यावर शिरीष दुपारपर्यंत जीप घेऊन आला. उजव्या भागात शिरला, वाकून एकेक पिलू बघू लागला. त्यानंही चोची दाबल्या. एका पिलाचा पाय दोन बोटांत धरून वाकवला. मी जाळीबाहेर उभी होते. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला.

"काय झालं असेल हो?" मी विचारलं.

"बघू. तपासायला लागेल," तो म्हणाला. नव्या खाद्याची उरलेली सगळी पोती त्यानं स्वतः उचलून जीपमध्ये घातली. तात्या हात लावायला गेले तर म्हणाला, "राहू द्या तात्या."

मग ते दोघं पाण्याच्या टाकीकडे गेले. मी मागच्या दारात बसले होते, आई केसांना तेल लावत होती. लांबून बोलणं ऐकू येत नव्हतं. शिरीष बोलत होता, तात्या ऐकत होते. बराच वेळ तसंच. तात्यांनी एकदा मान हलवली, नाही म्हणावं तशी. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे. मी हसून हात केला. त्यांनी हात केला नाही. थोड्या वेळानं शिरीष वाकला आणि त्यानं तात्यांचे पाय धरले.

मला वाटलं, निघताना नमस्कार करतोय. पण तो निघाला नाही. घरात आला, हातपाय धुतले आणि जेवला. तात्या मात्र जेवायला आले नाहीत. शेडमध्ये काम आहे म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी शिरीष साहेबांना घेऊन आला. मेहेंदळे त्यांचं नाव, पांढरे केस, शांत बोलणारे. शेडपुढे अर्धं गाव जमलं. शेवंताकाकू आणि त्यांच्या गटातल्या बायकाही होत्या, कारण पिलांचा पुढचा लॉट त्या नव्या खाद्यावर घेणार होत्या. मेहेंदळे साहेबांनी दोन्हीकडची पिलं बघितली आणि शिरीषला म्हणाले, "बाबर, हे तर सरळ दिसतंय. तुमचं खाद्य नापास."

शिरीष खाली बघत राहिला.

"साहेब," तात्या पुढे आले. टोपी काढून हातात धरली होती. "चूक खाद्याची न्हाई. माझी हाय."

"म्हणजे?"

"नव्या खाद्यात खनिज पावडर कमी घातलीय असं जावई म्हणाले होते. मला वाटलं, पिलांची हाडं कच्ची राहतील. म्हणून मी शिंपल्यांचा चुरा आणला आणि ह्या बाजूच्या खाद्यात मिसळला. जरा जास्तच मिसळला. जावयांना सांगितलं न्हाई."

मेहेंदळे साहेबांनी शिरीषकडे बघितलं. शिरीष हळू आवाजात म्हणाला, "तसं असेल तर बरोबर आहे, सर. कॅल्शियम इतकं वाढलं की स्फुरद शोषलंच जात नाही. एन्झाइमही निकामी होतं. लक्षणं हीच दिसणार."

"मग ही चाचणी धरताच येणार नाही," साहेब म्हणाले. ते तात्यांवर रागावले नाहीत. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. पण तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

गर्दीतून कुणीतरी बोललं, "सरकारी कारभार!" दोघंतिघं हसले. शेवंताकाकू हसल्या नाहीत. त्या तात्यांकडे बघत होत्या, ओळखीचा माणूस अनोळखी दिसावा तशा.

मला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईला विचारलं, "आई, तात्यांनी शिंपल्यांचा चुरा कुठनं आणला?"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "कसला चुरा? मी तर घरात बघितला न्हाई."

"शेडमध्ये असेल."

"रोज शेड मी लोटते, वैजू."

मी शेडकडे गेले. तात्या मागच्या बाजूला खड्डा खणत होते. उजव्या भागातली पिलं त्यांनी आधीच मारून पोत्यात भरली होती. चाळीस वर्षं त्यांनी पिलं वाढवली, पण मारायची वेळ आली की दुसऱ्याला सांगायचे. आज कुणालाही न बोलवता स्वतः केलं होतं.

"तात्या, शिंपल्यांचा चुरा कुठल्या दुकानातून आणला?"

"विट्यातनं."

"कधी गेला होता विट्याला?"

"गेलो होतो." कुदळ थांबली नाही. "तू हिथं उभी राहू नकोस. ह्या वासानं तुला मळमळंल."

"तुम्ही आयुष्यात कधी दुसऱ्याच्या खाद्यात हात घातला नाही. तुम्हीच आम्हाला सांगायचा, ज्याचं खाद्य त्याचं गणित."

तेव्हा ते थांबले. कपाळ पुसलं. "म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं," म्हणाले. "जा घरात."

मी विज्ञान शिकवणारी बाई. पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं, मला काय खटकलं होतं. तात्यांना कोंबडी कळत होती, पण शिंपल्यांनी स्फुरद अडतं, एन्झाइम निकामी होतं, आणि चोची मऊ पडतात, इतकी नेमकी बसणारी चूक त्यांना सुचली नसती. ती चूक कुणीतरी त्यांच्यासाठी शोधून काढली होती. आणि तसं शोधू शकणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

पुढच्या रविवारी शिरीष मला भेटायला आला. सोबत फळं, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. मी माडीवरच्या खोलीचं दार लोटलं आणि विचारलं, "तात्यांना ते वाक्य तुम्ही दिलंत ना?"

त्यानं आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग खाटेवर बसला.

"वैजू, तू समजून घे."

"समजावून सांगा."

"एन्झाइम वाफेत मेलं," तो म्हणाला. "आमच्या मशीनमध्ये खाद्याच्या गोळ्या बनवताना वाफ सोडतात. मी पावडर आधीच मिसळली होती. तेवढ्या उष्णतेत ती टिकली नाही. आणि खनिज तर मी काढूनच टाकलेलं. म्हणजे पिलांना ना इकडून मिळालं, ना तिकडून."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "मशीनवरचा एक ऑपरेटर म्हणाला होता, साहेब, एवढ्या गरमीत टिकेल का? मी म्हटलं, टिकेल. वेळ नव्हता. साहेबांना लवकर दाखवायचं होतं."

"मग हे साहेबांना सांगायचं."

"सांगितलं असतं तर प्रकल्प त्याच दिवशी बंद झाला असता. आणि मीही. आता मी काय केलंय, गोळी थंड झाल्यावर एन्झाइम द्रवरूपात वरून फवारायचं. प्रयोगशाळेत टिकलंय. कल्पना खरी आहे, वैजू. चुकीची नाही. फक्त थोडा अवधी हवा होता."

"आणि तो तात्यांनी दिला."

"त्यांनी मोठ्या मनानं दिला. मी पाय धरले त्यांचे." त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता, आणि त्या क्षणी मला त्याची कीवसुद्धा आली. "एकदा नवीन खाद्य बाजारात आलं की मी स्वतः ह्या गावात येऊन सगळ्यांसमोर सांगीन. बाळाची शपथ."

मी थांबले. दुसरं काय करणार होते? दिवस भरत आले होते.

मुलगी झाली. घरात बारशाची गडबड चालू असताना एके दिवशी शेवंताकाकू आल्या, बाळाला बघितलं, झबलं-टोपडं दिलं. मग अंगणात तात्यांच्यासमोर पदर सावरत उभ्या राहिल्या.

"तात्या, उद्यापासनं तुम्ही आमच्या शेडकडं नका येऊ."

"का गं?"

"मला काय न्हाई. बायका म्हणत्यात. म्हणजे त्यांचे मालक म्हणत्यात. म्हाताऱ्याचा हात लागला की काय घालंल, काय न्हाई... कंपनीचा पोरगा येणार हाय आता सल्ला द्यायला."

"बरं झालं," तात्या म्हणाले. "माझे पण गुडघे दुखत्यात."

त्या गेल्यावर ते किती तरी वेळ अंगणातच बसून होते. सकाळी उठून चप्पल घालायची आणि गटाच्या शेडकडे निघायचं, ही त्यांची सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. स्वतःच्या शेडमध्ये त्यांनी पुन्हा लॉट घेतला नाही. कुणी विचारायला येईना. रस्त्यात पोरं "शिंपले, शिंपले" म्हणून पळायची, असं आई नंतर एकदा रडत सांगत होती.

आणि नवीन खाद्य यशस्वी झालं. खरोखरच झालं. दुसऱ्या एका तालुक्यात चाचणी घेतली, कोंबड्या उत्तम भरल्या, हाडं टणक. शिरीषचा फोन आला तेव्हा आनंदानं त्याला बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "आता शपथ पाळा." तो म्हणाला, "पाळतो. मेळावा तुमच्याच गावात ठेवलाय."

शाळेच्या पटांगणात मांडव घातला. खुर्च्या, हार, माइक. मेहेंदळे साहेब स्टेजवर, शिरीष त्यांच्या शेजारी. मी बाळाला घेऊन बायकांच्या बाजूला बसले. तात्या अगदी मागं, खांबाला टेकून. मी त्यांना पुढे बसायचा आग्रह केला होता, म्हणाले, "हिथं वारं लागतंय."

शिरीष छान बोलला. किल्ली आणि कुलूप, तेच उदाहरण, लोकांना लगेच कळलं. शेवटाकडे आला तेव्हा मी सरळ बसले.

"आता एक शेवटची गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "ह्या खाद्याची पहिली चाचणी ह्याच गावात झाली, आणि फसली. का फसली? खाद्य चांगलं होतं. पण शेतकऱ्यानं स्वतःची अक्कल मध्ये घातली. पोत्यावर लिहिलंय त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मी नाव घेणार नाही." तो जरा थांबून हसला. "माझ्या घरचंच माणूस आहे."

सगळा मांडव हसला. माना मागं वळल्या. तात्यासुद्धा हसले, हात जोडून, लग्नात कुणी चेष्टा केली की हसतात तसे.

मी उठले कधी ते मला आठवत नाही. मुलगी हातांत होती.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

माइक नव्हता, पण शाळेत शिकवणाऱ्या बाईला माइक लागत नाही.

"तात्यांनी काहीही घातलं नव्हतं. खाद्यच चुकलं होतं. एन्झाइम वाफेत मेलं होतं, हे ह्यांनी मला स्वतः सांगितलंय. तात्यांनी ह्यांच्यासाठी खोटं बोलून सगळं अंगावर घेतलं. शिंपल्यांचा चुरा नव्हताच. आईला विचारा."

मेहेंदळे साहेबांनी मान वळवून शिरीषकडे बघितलं. शिरीष माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या डोक्यावरून, मागं, तात्यांकडे बघत होता.

तात्या खांब धरून उठले. सावकाश चालत पुढे आले. मला वाटलं, सुटलं आता. आता सांगतील.

"साहेब," ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. पोरगी बाळंतीण हाय अजून. अंगावर दूध हाय, झोप न्हाई, मन हळवं झालंय. बापाला लोकं हसली ते तिला सोसलं न्हाई." मग ते लोकांकडे वळले. "शिंपल्यांचा चुरा मीच घातला. आधी बी सांगितलंय, आता बी सांगतो."

"तात्या!"

"दे ती हिकडं." त्यांनी माझ्या हातांतून मुलीला घेतलं. "चल घरी. उन्हात आणू नये लेकराला."

बायकांच्यातून कुणीतरी "बिचारी" म्हणालं. शेवंताकाकूंनी माझा हात धरून मला बाहेर नेलं, आजारी माणसाला न्यावं तसं. मागं माइकवर शिरीषचा आवाज परत सुरू झाला, जरा कापरा, मग नेहमीसारखा.

घरी आल्यावर मी बाळाला पाळण्यात ठेवलं. तात्या उंबऱ्यात बसले होते.

"तुम्ही मला गावासमोर वेडी ठरवलंत," मी म्हणाले.

"व्हय."

"का?"

"आज त्यांची नोकरी गेली असती."

"जाऊ दे. मी मिळवते. आम्ही उपाशी राहिलो नसतो."

"पोटाचं म्हणत न्हाई मी." ते हळू बोलत होते. "नोकरी गेलेला माणूस रोज संध्याकाळी घरीच येतो, वैजू. आणि आपली नोकरी कुणामुळं गेली, ते त्याला रोज आठवतं. त्या घरात तुला राहायचं हाय. हिला राहायचं हाय." पाळण्याकडे त्यांनी बघितलं नाही, नुसती मान हलवली. "माझं काय? मी म्हातारा. बोलतील, दमतील, गप्प बसतील."

"आणि मला त्या घरात राहायचंच नसलं तर?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. तात्यांच्या चेहऱ्यावर भीती मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"तसं करू नकोस," ते म्हणाले. "मग मी हे कशासाठी केलं?"

महिना झाल्यावर शिरीष न्यायला आला आणि मी गेले.

त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. शिरीष वाईट नवरा झाला नाही. मारलं नाही, टाकून बोलला नाही, मुलीला जीव लावला. पुढे कंपनी सोडून त्यानं स्वतःचा एन्झाइमचा कारखाना काढला. त्याला बोलावणी येऊ लागली, सत्कार होऊ लागले. कोंबड्यांची विष्ठा कमी घाण करते, तळी-विहिरी वाचतात, त्याचंही श्रेय त्याला मिळालं. आणि ते खोटं नव्हतं. तात्या सणावाराला आमच्याकडे यायचे, तेव्हा शिरीष स्वतः त्यांना स्टँडवर आणायला जायचा. तात्या त्याला "शिरीषराव, बसा, बसा" म्हणायचे. दोघं क्रिकेट बघायचे. मी आतून चहा आणून द्यायची आणि दोघांच्यापैकी कुणाच्याच चेहऱ्याकडे बघायची नाही.

तात्या गेले ते झोपेतच गेले. दहाव्याला गाव आलं होतं. शेवंताकाकू आता खूप थकल्या होत्या. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा होता गं. कोंबड्यांचं तेवढं एकदा चुकलं बिचाऱ्याचं."

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मुलगी आजीजवळ राहिली होती. शिरीष गाडी चालवत होता. त्यालाही वाईट वाटलं होतं; सकाळी तो रडला होता, खरं रडला होता. विटा मागं पडल्यावर तो म्हणाला,

"वैजू, तात्यांनी तेव्हा शिंपल्यांचा चुरा साधारण किती घातला असेल गं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काय?"

"पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मुलांपुढे बोलायचंय. कॅल्शियम जास्त झालं की एन्झाइम कसं निकामी होतं, ह्याला तात्यांच्या शेडइतकं चांगलं उदाहरण नाही. आदरानंच सांगीन. पण प्रमाण सांगता आलं तर बरं."

"घातलाच नव्हता," मी म्हणाले.

गाडीचा वेग जरा कमी झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"असं काय बोलतेस? तात्या स्वतः म्हणाले होते. सगळ्यांसमोर."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कुठेतरी तो चपापेल, नजर चुकवेल, म्हणून बघत राहिले. लपवणाऱ्या शिरीषचा चेहरा मी चांगला ओळखत होते. इतकी वर्षं तोच तर समोर होता. हा तो चेहरा नव्हता. ह्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, आणि सासरा गेलेल्या माणसाचं दुःख.

"घातला असेल पोत्यामागं चांगला ओंजळभर," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्यानं गाडी पुढे घेतली.